उघडलेलं यंत्र

माटुंगा रोड स्टेशनला लागून, सेनापती बापट मार्गावर रुपारेल कॉलेज आहे. टपालाच्या पत्त्यावर ते माहीमचं. मॅट्रिकनंतर मध्य प्रदेशातून मुंबईला आलेला एक मुलगा इथे शिकला. मग रुळांपलीकडच्या व्हीजेटीआयमधून १९६३ साली मेकॅनिकल इंजिनीअर झाला आणि पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात रुजू झाला. २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिसच्या एलिझे प्रासादात अणुकेंद्रांच्या संमीलनातून सूर्यासारखी ऊर्जा मिळवू पाहणाऱ्या ‘इटर’ या प्रचंड टोकामॅक यंत्राच्या करारावर सात पक्षांच्या सह्या झाल्या. भारताच्या वतीने सही केली ती याच मुलाने. त्याचं नाव अनिल काकोडकर.

सही झाली तेव्हा यंत्र कागदावर होतं. आज ते दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश इथे जुळवलं जात आहे. आताच्या वेळापत्रकाप्रमाणे त्यातले प्रयोग २०३४ साली सुरू व्हायचे आहेत, आणि ड्युटेरियम-ट्रिशियमचं खरं इंधन त्यात २०३९ साली पडायचं आहे. सहीपासून इंधनापर्यंत तेहतीस वर्षं. माणसाची अख्खी नोकरी एवढ्यात होऊन जाते.

बहुतेक सह्या आपण काही मिळवण्यासाठी करतो. थोड्या सह्या सोपवण्यासाठी असतात.

*

सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान असतं. टोकामॅकला त्याच्या दहापट, पंधरा कोटी अंश लागतात. सूर्याला कमी पुरतं, कारण त्याच्यापाशी वजन आहे आणि वेळ आहे. स्वतःच्या भाराने तो हायड्रोजन दाबून धरतो आणि अब्जावधी वर्षं सावकाश वापरतो. माणसापाशी ना तो भार, ना ती सवड. ज्याला सवड नाही त्याला आच वाढवावी लागते.

एवढं तापलेलं द्रव्य ठेवायचं कशात? टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं. आचेला त्याहून चिवट धातू नाही. पण खरी अडचण उलट बाजूची आहे. हे तापलेलं द्रव्य, म्हणजे प्लाझ्मा, हवेच्या लाखाव्या भागाहूनही विरळ असतं. इटरसारख्या अजस्र यंत्रातही एका वेळी इंधन एक ग्रॅम भरणार नाही. ते भिंतीला टेकलं, तर भिंतीची चिंता पुढची. आधी तेच विझतं. म्हणून टोकामॅक बांधतात. कड्याच्या आकाराचं पोकळ पात्र, त्याभोवती विजेच्या तारांची जाड वेटोळी आणि आत प्लाझ्मातूनच वाहणारा प्रवाह. वेटोळ्यांचं चुंबकक्षेत्र आणि प्रवाहाचं स्वतःचं क्षेत्र यांना मिळून जो पीळ बसतो, त्या पिळात हा विस्तव तरंगता राहतो.

आपल्याला वाटतं, विस्तवापासून भिंत सांभाळायची असते. इथे भिंतीपासून विस्तव सांभाळायचा असतो.

*

अहमदाबाद आणि गांधीनगरच्या मधे भाट नावाचं गाव आहे. तिथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली ‘आदित्य’ सुरू झाला : भारतात आखलेला आणि भारतात बांधलेला पहिला टोकामॅक. कड्याच्या मध्यापासून प्लाझ्माच्या मध्यापर्यंत पाऊण मीटर, आणि प्लाझ्माची जाडी अर्धा मीटर. प्रेधिमान कृष्ण काव यांनी हे काम आधी एक कार्यक्रम म्हणून सुरू केलं, १९८६ साली त्याची संस्था झाली आणि संस्थेच्या हातात हे यंत्र आलं.

अशा यंत्रातला एक प्रयोग, ज्याला तिथले लोक ‘शॉट’ म्हणतात, तो असा होतो. पंप रात्रंदिवस चालू असतात. पात्रात हवा जवळजवळ उरलेलीच नसते. हॉल रिकामा झाल्याची खात्री होते, दार बंद होतं, उलटी मोजणी सुरू होते. मोठ्या वेटोळ्यांत प्रवाह चढतो. हायड्रोजनची बारीकशी फुंकर आत सोडली जाते. मधल्या ट्रान्सफॉर्मरमधला प्रवाह झपाट्याने बदलतो, पात्रात व्होल्टेज उभं राहतं, वायूतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लाझ्मा पेटतो. कॅमेऱ्यात कडेला गुलाबी-जांभळी झाक दिसते, मधे मात्र काही दिसत नाही. मध्यावरचा हायड्रोजन इतका तापलेला असतो, की त्याच्या अणूपाशी प्रकाश देणारा इलेक्ट्रॉनच उरलेला नसतो. जिथे सर्वांत जास्त ताप, तिथे डोळ्यांना अंधार.

एक दशांश सेकंद, आणि संपलं. मग पडद्यावर रेघा उमटतात : प्रवाहाची, व्होल्टेजची, हायड्रोजनच्या प्रकाशाची, क्ष-किरणांची. कोणीतरी लॉगबुकात नोंद करतं. वेटोळी निवतात, तोवर दोन वाक्यांची चर्चा होते, गॅस जरा कमी करून बघू असं ठरतं, आणि पुढचा शॉट. घडायला दशांश सेकंद लागतो, समजायला महिने.

*

प्रत्येक शॉटला क्रमांक असतो. पेटला त्यालाही, पेटता पेटता विझला त्यालाही.

इंग्लंडमधला ‘जेट’ हा टोकामॅक जून १९८३ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये थांबवला गेला. त्याच्या शेवटच्या शॉटचा क्रमांक १,०५,८४२. या आकड्यात विक्रम करणारे शॉट हातावर मोजण्याइतके आहेत. बाकीचे विक्रमाकडे जाणारे, विक्रमाला चुकलेले, किंवा नुसतं एक उपकरण बरोबर वाचतं आहे ना एवढंच बघण्यासाठी केलेले.

आयुष्यात आपण फसलेले दिवस मोजणीतून वगळतो आणि मग उरलेल्या दिवसांचा अर्थ लागत नाही म्हणून तक्रार करतो. प्रयोगशाळेची शिस्त साधी आहे : क्रमांक देताना निकाल बघायचा नाही.

*

धातूची भिंत कोरडी दिसते, पण तिच्या अंगात पाण्याची वाफ, कार्बन, ऑक्सिजन मुरलेले असतात. प्लाझ्माची धग लागली की ते बाहेर येतात. ऑक्सिजनचे थोडेसे अणूही प्लाझ्मात शिरले तर ते उष्णता प्रकाशाच्या रूपात उधळून टाकतात आणि सगळं थंड पडतं. म्हणून पात्र भाजतात. मग त्यात हायड्रोजन किंवा हेलियमची मंद विजेची धग तासन्‌तास ठेवतात. ती भिंतीवरचं एकेक अणूचं किटण खरवडून काढते आणि पंप ते ओढून घेतो. वरून कुठे बोरॉनचा, कुठे लिथियमचा पातळ थर देतात. ‘आदित्य’च्या भिंतीलाही लिथियम देऊन पाहिलेलं आहे, आणि प्लाझ्मा त्याने सुधारलेला आहे.

बिडाचा नवा तवा पहिल्या दिवशी घावनं सोडत नाही. त्याला तेल पाजावं लागतं, तापवावं लागतं, पुन्हा तेल, पुन्हा आच. तवा मुरतो तेव्हा लोखंड तेच असतं. त्याचा पृष्ठभाग बदललेला असतो. टोकामॅकची भिंतही अशीच मुरते, आणि मुरायला आठवडे घेते.

यंत्र उघडायचं म्हणजे ही मुरलेली भिंत पुन्हा हवेच्या हवाली करायची. आत काही नवं बसवायचं असेल, तर आधी कमावलेलं गमवावं लागतं. ही किंमत ठाऊक असून जो झाकण काढायला सांगतो, त्याचा निर्णय मला विक्रमापेक्षा मोठा वाटतो.

*

गळती शोधणं हे या कामातलं सर्वांत नम्र काम. पात्राला शेकडो सांधे असतात : खिडक्या, नळ्या, तारा आत नेणाऱ्या जागा. प्रत्येक ठिकाणी दोन पोलादी फ्लँज, मधे तांब्याची कडी, भोवती बोल्ट. ही कडी एकदा दाबली की दाबली. सांधा उघडला तर नवी लागते. पात्र पंपाला आणि लीक डिटेक्टरला जोडतात. मग एक माणूस हेलियमची बारीक नळी हातात घेऊन सांध्यामागून सांध्यावर वायूचा फवारा सोडत जातो. सुरुवात वरून करायची, कारण हेलियम वर चढतो आणि खालून सुरुवात केली तर वरच्या भोकाचं पाप खालच्या सांध्यावर येतं. फवारायचं, थांबायचं, आकड्याकडे बघायचं, पुढे सरकायचं. आकडा उसळला की त्या सांध्यावर खूण करायची.

भोक डोळ्याला दिसत नाही. केसाच्या कितीतरी पट बारीक असतं. पण ते आहे तोवर बाकीची सगळी विद्या निरुपयोगी.

याच संस्थेच्या दुसऱ्या टोकामॅकने, ‘एसएसटी-१’ने, हा धडा मोठ्या मापात दिला. त्याचे चुंबक अतिवाहक आहेत. उणे २६९ अंशांच्या आसपास ठेवले तरच काम करतात. पहिल्या जुळणीत थंडाव्यात हेलियमच्या गळत्या निघाल्या, सांधे सदोष निघाले. सामान्य तापमानाला जे घट्ट वाटलं होतं, ते तिथे टिकलं नाही. यंत्र उतरवलं गेलं. एकेक चुंबक वेगळा थंड करून तपासला गेला, सांधे नव्याने केले गेले, सगळं परत जुळवलं गेलं. जून २०१३ मध्ये त्यात पहिला प्लाझ्मा पेटला.

काही दोष कामाच्या तापमानालाच बोलतात. म्हणून कामावर न नेता दिलेलं चांगुलपणाचं प्रमाणपत्र अर्धवट असतं, यंत्राचं काय आणि माणसाचं काय.

*

बंद पडलेलं यंत्र उघडणं ही दुरुस्ती. चालतं यंत्र उघडणं ही सुधारणा. दुरुस्तीला नाइलाज पुरतो. सुधारणेला कबुली लागते : हे यंत्र नीट चाललं आहे, पण त्याला विचारण्यासारखे प्रश्न आपल्याकडे उरलेले नाहीत.

‘आदित्य’ पंचवीस वर्षं चालला, हजारो शॉट झाले. मग तो उघडला. चौकोनी छेदाचं जुनं पात्र काढून गोल छेदाचं बसवलं. त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत नवी वेटोळी आली, जी प्लाझ्माच्या कडेचा आकार बदलू शकतात आणि बाहेरचा मळकट थर एका ठरावीक जागी वळवून सोडू शकतात. मोठी वीस वेटोळी मात्र जुनीच ठेवली. डिसेंबर २०१६ मध्ये ‘आदित्य-यू’ या नावाने तो पुन्हा पेटला. त्याच महिन्यात कादाराशला एक जुना फ्रेंच टोकामॅक आतून टंगस्टनचा होऊन, ‘वेस्ट’ हे नाव घेऊन पेटला. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी या ‘वेस्ट’ने प्लाझ्मा १३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांहून जास्त, धरून ठेवला.

काय काढायचं हे अवघड. काय ठेवायचं हे त्याहून अवघड. सगळंच काढणारा आपला अनुभव फेकून देतो, सगळंच ठेवणारा आपल्या अनुभवाचा कैदी होतो. काकोडकरांच्या कारकिर्दीत धक्का देणारी, नाव करणारी कामं बरीच आहेत. मला त्यांतलं कल्पाक्कमचं काम जवळचं वाटतं. तिथल्या दोन अणुभट्ट्या मोडीत काढायची वेळ आली होती. त्या पुन्हा उभ्या करणाऱ्यांत ते होते. नवं बांधणाऱ्याला आराखडा मिळतो. जुनं सुधारणाऱ्याला आधी जे आहे ते समजून घ्यावं लागतं.

*

१९६८ च्या ऑगस्टमध्ये नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत लेव्ह आर्त्सिमोविच यांनी सांगितलं, की मॉस्कोच्या ‘टी-३’ टोकामॅकमध्ये इलेक्ट्रॉनांचं तापमान कोटी अंशांच्या घरात गेलं आहे. पश्चिमेकडच्या शास्त्रज्ञांना ते पटलं नाही. शीतयुद्धाचे दिवस होते. अविश्वास हा त्या काळचा शिष्टाचार होता. आर्त्सिमोविच रागावले नाहीत. त्यांनी ब्रिटनच्या कलहॅम प्रयोगशाळेला निमंत्रण दिलं : तुमचं लेझर घेऊन या, आमच्या यंत्रावर लावा, तुमच्या हाताने मोजा. ब्रिटिश गेले, महिनोन्‌महिने मॉस्कोत राहिले, मोजलं आणि १९६९ साली छापलं : रशियन बरोबर आहेत.

पुढची गोष्ट मला तितकीच थोर वाटते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचा मार्ग वेगळा होता, यंत्र वेगळ्या घडणीचं होतं, त्यावर अनेक वर्षं गेली होती. हे मोजमाप आल्यावर त्यांनी आपलं यंत्र उघडलं आणि काही महिन्यांत त्याचा टोकामॅक केला. १९७० साली तो चालू लागला.

आपल्या म्हणण्यावर परक्याचं उपकरण लावू देणं हा सत्यावरचा विश्वास. परक्याचं मोजमाप खरं निघाल्यावर आपलं यंत्र बदलणं हा त्याच विश्वासाचा दुसरा हप्ता. पहिला हप्ता भरणारे पुष्कळ भेटतात.

*

उष्णता धरून कशी ठेवायची, हे शोधताना सगळ्यांची नजर मध्यावर होती. उत्तर काठावर सापडलं.

१९८२ साली जर्मनीत गार्किंगच्या ‘अ‍ॅस्डेक्स’वर फ्रिट्झ वाग्नर यांना दिसलं, की तापवण्याची शक्ती एका मर्यादेपलीकडे नेली की प्लाझ्मा एकाएकी उष्णता दुप्पट चांगली धरू लागतो. कडेच्या काही सेंटिमीटरांत खळबळ शमते, तिथे जणू बांध उभा राहतो आणि त्याच्या आधाराने आतलं सगळं तापमान वर चढतं. हा शोध त्या यंत्रावर लागला, कारण त्याच्या कडेचा मळ वेगळ्या कप्प्यात वळवण्याची सोय बांधणाऱ्यांनी आधीच करून ठेवली होती. शोध पाहुण्यासारखा आला. पण खोली आधीपासून तयार होती.

‘आदित्य’चंही पहिलं मोठं देणं काठाचंच. १९९२ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं, की कडेची खळबळ एकसारखी नसते. ती उसळ्यांनी येते. थोडा वेळ शांत, मग एकदम मोठी उसळी, आणि उष्णता व कण बहुतांश अशा उसळ्यांतून निसटतात. पाऊण मीटरच्या यंत्राने हे सांगितलं आणि जगाने ते ऐकलं. लहान यंत्राला मोठा विक्रम करता येत नाही. मोठा प्रश्न मात्र नीट विचारता येतो.

*

सुधारणेनंतर यंत्र आधी बिघडल्यासारखं वागतं. हे ज्याला माहीत नाही, त्याने सुधारणेच्या वाटेला जाऊ नये.

‘जेट’ची आतली भिंत कार्बनची होती. कार्बन सोशिक, धग सहन करतो, चुकांवर पांघरूण घालतो. पण तो ट्रिशियम शोषून बसतो, आणि किरणोत्सारी इंधन भिंतीत अडकून राहणं पुढच्या यंत्रांना परवडणारं नव्हतं. २००९ ते २०११ या काळात ती भिंत काढून बेरिलियम आणि टंगस्टनची बसवली. हजारो तुकडे, बरेचसे बाहेरून चालवलेल्या यांत्रिक हातांनी. यंत्र सुरू केलं आणि जुने आकडे येईनात. टंगस्टनचे अणू मध्यात जमून प्लाझ्माला थंड करू लागले. आधीच्या भिंतीवर शिकलेली बरीचशी हातोटी नव्या भिंतीवर लागू पडेना. लोकांनी ते यंत्र नव्याने चालवायला शिकून घेतलं, आणि त्या शिकण्यात दहा वर्षं गेली.

२०२१ च्या डिसेंबरात त्याच यंत्राने, त्याच नव्या भिंतीत, पाच सेकंदांत ५९ मेगाज्यूल संमीलन-ऊर्जा दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ६९. घरच्या मीटरच्या भाषेत हे एकोणीस युनिट. आणि प्लाझ्मा तापवायला त्याहून जास्त ऊर्जा लागली होती. पण इंधन किती लागलं होतं? ०.२ मिलिग्रॅम.

मधली दहा वर्षं जर कोणी फक्त आकड्यांचा आलेख बघत बसला असता, तर त्याने नव्या भिंतीला चूक ठरवलं असतं. प्रगतीचा आलेख उताराच्या मधोमध वाचायचा नसतो.

*

८ ऑगस्ट १९५५. जिनिव्हा. अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. अध्यक्ष होमी भाभा. त्यांनी जगासमोर भाकीत केलं, की वीस वर्षांत संमीलनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. हे संशोधन तेव्हा अनेक देशांत कुलूपबंद होतं; भर सभेत त्याचं नाव घेणंच धाडसाचं. तीन वर्षांनी, १९५८ च्या दुसऱ्या जिनिव्हा परिषदेत, ती कुलुपं निघाली. ज्या मुलाने पुढे पॅरिसला सही करायची होती, तो त्या भाषणाच्या दिवशी बारा वर्षांचाही नव्हता.

१९७५ आलं आणि गेलं. तेव्हापासून या भाकिताची थट्टा होत आली आहे. मला ती थट्टा उथळ वाटते. तारीख चुकणं वेगळं, दिशा चुकणं वेगळं. पहिल्या पिढीच्या टोकामॅकपासून शतक संपेपर्यंत तापमान, घनता आणि टिकाव यांचा गुणाकार दहा हजारपटींहून अधिक वाढला. हा प्रवास चुकलेल्या दिशेचा नसतो.

तरीही एक गोष्ट भाभांच्या वाक्यातून निसटली होती. विज्ञान समजायला लागणारा वेळ त्यांनी धरला होता. वेल्डिंग शिकायला लागणारा वेळ धरायचा राहिला.

*

मुंबईत १९३८ साली सुरू झालेल्या लार्सन अँड टुब्रोने इटरचं सर्वांत बाहेरचं भांडं घडवलं, हजिऱ्याच्या कारखान्यात. त्याला क्रायोस्टॅट म्हणतात : उंची आणि रुंदी २९ मीटरच्या आसपास, वजन ३८५० टन, आतल्या अतिथंड चुंबकांभोवती निर्वात राखणारं. चोपन्न तुकड्यांत ते फ्रान्सला गेलं आणि तिथे जोडलं गेलं. त्याचा १२५० टनांचा तळ मे २०२० मध्ये, जग घरात बसलेलं असताना, खड्ड्यात अलगद उतरवला गेला.

दोन वर्षांनी त्याच प्रकल्पात दुसरं काही उघडकीला आलं. उष्णता अडवणाऱ्या कवचावरच्या थंडाव्याच्या नळ्यांना, सुमारे २३ किलोमीटर नळ्यांच्या त्या जाळ्याला, जोडाच्या जागी भेगा पडत होत्या; कारण होतं वेल्डिंगच्या वेळी अडकून राहिलेले क्लोरीनचे अंश. पात्राच्या अवाढव्य भागांच्या कडाही ठरल्या मापाच्या बाहेर गेलेल्या निघाल्या. खड्ड्यात बसवलेला एक भाग परत उचलून बाहेर काढला गेला. वेळापत्रक मोडलं, खर्च वाढला, टीका झाली.

या सगळ्यात एक निर्णय मला मोलाचा वाटतो. तो भाग तसाच आत ठेवून पुढे जाण्याचा मोह असणारच. समारंभ झालेले होते, छायाचित्रं छापून आली होती. जे बसवलं ते काढलं. मोठ्या कामाचं चारित्र्य उद्‌घाटनात दिसत नाही. बसवलेलं परत काढायची वेळ येते तेव्हा दिसतं.

*

माहीमच्या खाडीच्या मुखाशी पाणी उपसलं, तर दर लिटरमागे साधारण ३३ मिलिग्रॅम ड्युटेरियम त्यात असेल. जगातल्या कुठल्याही समुद्रात असतं तेवढंच. बंदरापलीकडे, अलिबागजवळच्या थळला जड पाण्याचा कारखाना आहे. ड्युटेरियम वेगळं काढायची विद्या आपल्या अंगणात आहे. उरलेलं अर्धं इंधन, ट्रिशियम, निसर्गात साठलेलं नाही. ते लिथियमपासून यंत्रातच पैदा करावं लागेल, आणि ते काम अजून पुढे आहे. फुकट काहीच नाही. विपुल मात्र आहे.

मुंबईच्या दिव्यांमागे पिढ्या उभ्या आहेत. १९१५ साली खोपोलीला सह्याद्रीच्या पावसाची वीज झाली आणि तारांवरून इथल्या गिरण्यांत आली. १९६९ साली तारापूरला अणूची झाली. प्रत्येक वेळी बटण दाबणारा वेगळा होता आणि बोगदे खणणारा, सांधे तपासणारा वेगळा. बटणाला आपण ओळखतो. सांध्याला ओळखत नाही.

संमीलनाच्या कामाला सरकार पैसे देतं. समाजाने द्यायची गोष्ट आहे वेळ, आणि तेही अनुदानच आहे. त्याचा हिशेब जरूर मागावा. पण ‘वीज कधी?’ हा त्या हिशेबाचा पहिला प्रश्न नव्हे. त्याला उत्तर म्हणून एक तारीख मिळते, आणि तारीख देणाऱ्याला मग तिच्यासाठी सांधे झाकावे लागतात. पहिले प्रश्न तीन : गेल्या खेपेला यंत्र का उघडलं? आत काय सापडलं? बंद केल्यावर, आधी न जमणारं काय जमू लागलं? या तिन्हींची उत्तरं जोवर खरी मिळत आहेत, तोवर पुढची दहा वर्षं मोकळ्या हाताने द्यावीत.